बाई, एक विचारू? : झेलिन्स्की, सिसेरो आणि 'अच्युतं केशवं'

गेल्या अंकात ग्रीक नाटकांच्या अनुवादकांविषयी लिहिताना तादेऊश झेलिन्स्की या पोलिश पंडिताचा ओझरता उल्लेख आला होता. पीटर्सबर्गचे प्राध्यापक, सोफोक्लीजचे अनुवादक, सिसेरोच्या भाषणांतली वाक्यं मोजणारे, सगळं जळाल्यावरही लिहीत राहिलेले गृहस्थ, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. पत्रांची पिशवी घरी पाठवताना त्यांनी वर चिठ्ठी लावली, "बाई, हा महिना या गृहस्थांनाच देऊन टाका." दिला. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. ज्यांनी झेलिन्स्कींबरोबर माझ्या वयाचीही चौकशी केली आहे, त्यांची पत्रं बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकतो. अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांत सोफोक्लीजच्या नाटकांचं १९९० सालचं रशियन पुस्तक मिळालं. अनुवादक फ. फ. झेलिन्स्की. आमचे सर म्हणतात रशियन, तुम्ही म्हणता पोलिश. नक्की कोण?
(एक विद्यार्थी, कर्वेनगर)

आधी पुस्तकाबद्दल. उत्तम माल हाती लागलाय, कुणाला वाचायला देऊ नका. मॉस्कोच्या 'नाउका' प्रकाशनाची ती आवृत्ती गास्पारोव आणि यार्खो या दोन मोठ्या अभ्यासकांनी सिद्ध केली. मूळ अनुवाद त्याच्या कितीतरी आधीचा. साबाश्निकोव बंधूंनी तो १९१४-१५ मध्ये तीन खंडांत छापला होता.

आता माणसाबद्दल. (तादेऊशचं रशियन रूप फाद्देय, म्हणून पुस्तकावर फ.) जन्म १८५९ चा, आजच्या युक्रेनमधल्या एका खेड्यात, पोलिश घरात. तो मुलूख तेव्हा रशियन झारच्या ताब्यात होता आणि पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत त्याचे लचके तोडून वाटून घेतले होते. पोरगा लहानपणीच पोरका झाला. शाळा पीटर्सबर्गमधली, पण जर्मन माध्यमाची. डॉक्टरेट लाइपझिगची, १८८० सालची, विषय दुसऱ्या प्यूनिक युद्धाची अखेरची वर्षं. म्हणजे रोमविरुद्ध कार्थेजच्या हॅनिबलचा शेवटचा डाव. नंतर पीटर्सबर्ग विद्यापीठात अध्यापन, ते थेट रशियन क्रांतीनंतरपर्यंत. १९१८ मध्ये पोलंड पुन्हा उभा राहिला, वॉर्सा विद्यापीठाने बोलावलं, आणि साठी उलटलेले झेलिन्स्की १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे कायमचे गेले. तिथे १९३९ पर्यंत शिकवलं.

पंडितांसाठी जर्मनमध्ये लिहायचं, वाचकांसाठी रशियनमध्ये, वॉर्साला गेल्यावर पोलिशमध्ये, आणि मनात आलं तर सरळ लॅटिनमध्ये, असा त्यांचा खाक्या होता. ग्रीक शोकांतिकांवरचा १९२५ चा त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्येच आहे, विसाव्या शतकात! तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपलं संशोधन इंग्रजीत लिहिलं म्हणून त्यांना आपण इंग्रज म्हणतो का?

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो आहे. हजारो वाक्यं घेऊन त्यांची शेवटची अक्षरं मोजायची, याला मी तरी रिकामटेकडेपणा म्हणतो. तुमचं काय मत?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उभा जन्म खतावण्या जुळवण्यात गेलेल्या माणसाने मोजणीला नावं ठेवावीत, याचं नवल वाटलं. असो. मोजणीतून हाती काय लागलं ते ऐका, मग ठरवा.

सिसेरो हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वक्ता. त्याच्या गद्याला लय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. वाक्याचा शेवट कसा वळवावा याबद्दल त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण प्रत्यक्षात तो काय करत होता? झेलिन्स्कींनी भाषणांतली सगळी वाक्यं घेतली, सुमारे १८,०००. प्रत्येकाच्या शेवटच्या अक्षरांचे लघु-गुरू लावले, त्यांची वर्गवारी केली आणि १९०४ साली नियम मांडला. संगणकाचा तो काळ नव्हता.

नियम समजायला लॅटिन यायची गरज नाही. शाळेत 'यमाताराजभानसलगा' घोकलं असेल तर काम झालं. र गण म्हणजे 'राजभा', गुरु-लघु-गुरु. ग्रीक आणि लॅटिनवाले याला क्रेटिक म्हणतात. झेलिन्स्कींचं म्हणणं असं की सिसेरोच्या वाक्याचा शेवट र गणावर उभा असतो आणि त्यापुढे गुरु-लघु, गुरु-लघु असा पाय टाकत तो संपतो. कधी दोन अक्षरांत, कधी तिनांत, कधी चारांत. अगदी शेवटचं अक्षर लघु असो की गुरु, चालतं. आपल्याकडेही चरणाच्या शेवटी ती सवलत आहेच.

आता मोठ्याने 'अच्युतं केशवं' म्हणा. गुरु-लघु-गुरु, गुरु-लघु-गुरु. अच्युताष्टक स्रग्विणी वृत्तात आहे, ओळीत चार र गण. त्यातले पहिले दोन घेतले की सिसेरोचा एक लाडका शेवट तयार. 'केशवं' काढून 'कृष्णा' घाला, 'अच्युतं कृष्णा', तो दुसरा. 'अच्युतं केशवं'पुढे आणखी एक अक्षर आलं की तिसरा. या तीन चाली आणि त्यांचे जवळचे नातेवाईक मिळून निम्म्याहून कितीतरी जास्त वाक्यं भरतात.

मी नोकरीत असताना नगर रोडच्या सेमिनरीतल्या एका वृद्ध फादरांकडे लॅटिन शिकायला जात असे. फादर वाचताना टेबलावर पेन्सिल आपटायचे. पहिल्यांदा क्रेटिक आला तेव्हा मी म्हटलं, "फादर, हा तर आमचा र गण." त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मग तू आपट." त्या दिवसानंतर सिसेरो मला कधी परका वाटला नाही.

सिसेरोचा सर्वांत बदनाम शेवट म्हणजे 'एस्से विदेआतुर', 'असावे असे वाटते' अशा अर्थाचा. (लॅटिनमध्ये ए ऱ्हस्वही असतो, त्यामुळे इथले दुसरे दोन्ही ए लघु धरा.) एस् गुरु, मग तीन लघु, मग आ गुरु, आणि शेवटचं तुर. र गणातल्या दुसऱ्या गुरूच्या जागी दोन लघु घातले आहेत, इतकंच. पुढच्या पिढीतले नकलाकार हे शेपूट उठसूट लावायला लागले. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या एका संवादात त्याची टर उडवली आहे. वक्तृत्व शिकवणारा क्विंटिलियन म्हणतो, शेवटी 'एस्से विदेआतुर' घातलं की काहींना आपण सिसेरो झालो असं वाटतं. आपल्याकडच्या सभांत 'या निमित्ताने' ऐकून ऐकून कान किटलेल्या माणसाला हे चटकन पटेल.

उपयोग काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. हस्तलिखितांत एकाच जागी दोन पाठ सापडले तर कुठला घ्यावा? एखादं भाषण खरंच सिसेरोचं की त्याच्या नावावर खपवलेलं? अशा वेळी शेवटाची लय साक्षीला येते. पुढच्या अभ्यासकांनी एक रास्त आक्षेप घेतला. साध्या, बेसावध लॅटिनमध्ये हेच क्रम आपोआप किती वेळा येतात ते आधी मोजायला हवं होतं, तेव्हा कुठे सिसेरोचं वेगळेपण ठरेल. बरोबरच आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांनीही शेवटी मोजूनच घेतला.

प्रश्न : मी नाटक करते. झेलिन्स्कींचा रंगभूमीवरच्या माणसाला काही उपयोग आहे का, की सगळं व्याकरणच?
(एक वाचक, कोथरूड)

तुम्हालाच जास्त उपयोग आहे. पंचविशीत, १८८५ मध्ये, त्यांनी अ‍ॅरिस्टोफेनिसच्या विनोदी नाटकांच्या बांधणीवर पुस्तक लिहिलं. या नाटकांत मध्यावर दोन पक्षांचा वाद रंगतो. 'बेडूक' नाटकात एस्किलस आणि युरिपिडीस हे दोन नाटककार पाताळात भांडतात तसा. कोरसचं गाणं, एका पक्षाचं म्हणणं, पुन्हा त्याच चालीचं गाणं, दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, असा तो जोडीजोडीने रचलेला असतो. हा नाटकाचा ठरीव, स्वतंत्र भाग आहे हे झेलिन्स्कींनी दाखवून दिलं. कलगी-तुऱ्याचा फड पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं काम होमरवरचं, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचं. ते आजही 'झेलिन्स्कीचा नियम' म्हणून ओळखलं जातं. इलियड या ट्रॉयच्या युद्धकाव्याच्या पंधराव्या सर्गात देवांचा राजा झ्यूस जागा होतो. झोपेत असताना आपल्याला फसवलं गेलं, युद्धाचं पारडं फिरलं, हे त्याच्या ध्यानात येतं. तो आयरिस आणि अपोलो दोघांनाही बोलावून घेतो. दोघं एकदमच समोर येऊन उभे राहतात. व्यवहार असा की एकाने ग्रीकांना मदत करणाऱ्या समुद्रदेव पोसायडनकडे जावं, दुसऱ्याने त्याच वेळी ट्रॉयच्या हेक्टरकडे. पण तसं होत नाही. आयरिस जाते, पोसायडनशी तिची बोलाचाली होते, तो धुसफुसत समुद्रात निघून जातो, आणि मग झ्यूस अपोलोकडे वळून म्हणतो, पोसायडन तर गेला, आता तू हेक्टरकडे जा. तोवर अपोलो काय करत होता? उभा होता.

ओडिसीतही हेच. पहिल्या सर्गात देवांच्या सभेत ठरतं की अथीनाने नायक ओडिसियसच्या घरी इथाकाला जावं आणि हर्मीसने तो अडकला आहे त्या कॅलिप्सोच्या बेटावर. अथीना लगेच निघते. हर्मीस? चार सर्ग ओडिसियसच्या मुलाची, तेलेमाखसची कथा चालते आणि पाचव्याच्या सुरुवातीला देवांची सभा पुन्हा भरते, तेव्हा कुठे त्याला धाडतात.

झेलिन्स्कींचं निरीक्षण असं की होमरची कथा काळात मागे फिरत नाही. एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टी तो एकीपाठोपाठ एक घडल्यासारख्या सांगतो. आपला कीर्तनकार बिनधास्त 'इकडे हे चाललं असताना तिकडे काय झालं?' म्हणतो आणि श्रोत्यांना हाताला धरून घटकाभर मागे नेतो. होमर ते करत नाही. आजचे अभ्यासक नियम इतका कडक मानत नाहीत, अपवाद दाखवतात. ते ठीकच आहे. पण दिग्दर्शकाने हे एकदा डोक्यात ठेवून पंधरावा सर्ग मोठ्याने वाचावा. रंगमंचाच्या एका कोपऱ्यात ताटकळत उभा असलेला अपोलो दिसू लागतो, आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न तुमच्यापुढे येतो. छान प्रश्न आहे.

मला विचाराल तर झेलिन्स्कींची ही तिन्ही कामं एकाच गुणावर उभी आहेत. हा माणूस कानाने वाचत असे. ऐकणाऱ्याला काय ऐकू येत होतं, इथून सुरुवात. ते सुटलं तिथे त्यांचा तोल गेला. पुढच्या दोन पत्रांत तोच विषय आहे.

प्रश्न : अनुवादकाने मुळात नसलेलं घालावं का? झेलिन्स्कींनी सोफोक्लीजमध्ये पदरच्या रंगसूचना घातल्या, असं ऐकलं.
(एक अनुवादक, एरंडवणे)

घातल्या, आणि सढळ हाताने. ग्रीक संहितेत रंगसूचना जवळपास नसतातच, कोण कुठून आलं ते संवादावरूनच काढायचं. झेलिन्स्कींना वाचकासमोर नाटक उभं करायचं होतं. ते मला फारसं खटकत नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणलं त्याचा प्रयोग मनात चालवताना वाचकाला कुठेतरी आधार लागतोच, आणि कंस घातला की वाचकालाही कळतं, हे अनुवादकाचं.

त्यांच्या उत्साहाची एक बाजू तर मला फार आवडते. सोफोक्लीजचं 'माग काढणारे' हे सॅटर-नाटक, म्हणजे अर्धे माणूस, अर्धे पशू अशा सॅटरांच्या कोरसचं गमतीचं नाटक, हरवलं होतं. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला त्याचे पपायरसचे तुकडे मिळाले, १९१२ मध्ये छापले गेले. नुकताच जन्मलेला हर्मीस अपोलोची गुरं चोरतो, सॅटर माग काढत गुहेपाशी येतात आणि आतून येणाऱ्या वीणेच्या आवाजाने घाबरतात, कारण वीणा कुणी आधी ऐकलेलीच नाही. छापून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच ते झेलिन्स्कींच्या रशियन सोफोक्लीजमध्ये दाखल.

पण दुसरं प्रकरण तसं सरळ नाही. कवी इनोकेंती आनेन्स्की झेलिन्स्कींचे स्नेही. युरिपिडीसचा रशियन अनुवाद हे आनेन्स्कींचं आयुष्यभराचं काम. ते १९०९ मध्ये गेले. साबाश्निकोवांनी तो अनुवाद छापायला घेतला आणि संपादन झेलिन्स्कींकडे दिलं. झेलिन्स्कींनी मूळ ग्रीक समोर ठेवून मित्राच्या ओळी दुरुस्त करायला सुरुवात केली. अर्थाच्या दृष्टीने त्यांच्या दुरुस्त्या पुष्कळदा बरोबर होत्या. पण आनेन्स्की कवी होता, त्याचा शब्द कुठे वाकतो हे त्याचं त्याने ठरवलेलं होतं. वारसांनी जाहीर हरकत घेतली, वाद छापून आला. सहा खंडांचा बेत होता, १९१६ ते १९२१ मध्ये तीनच निघाले. मधे क्रांतीही झाली, सगळा दोष झेलिन्स्कींच्या माथी मारता येणार नाही. तरी माझं माप वारसांच्या बाजूला. जिवंत अनुवादकाशी भांडावं, मेलेल्याच्या ओळीखाली टीप द्यावी. ओळ बदलू नये.

प्रश्न : माझी नात म्हणते, झेलिन्स्की ज्यूविरोधी होते. मग त्यांचं कौतुक कशाला?
(एक आजोबा, औंध)

नातीने वाचलंय, तिला शाबासकी द्या. १९२७ मध्ये त्यांचा 'हेलेनिझम आणि ज्यूधर्म' हा ग्रंथ आला. प्राचीन धर्मांवरच्या त्यांच्या सहा भागांच्या मालिकेतला तिसरा. त्यांचा दावा असा की ख्रिस्ती धर्माची खरी मानसिक पूर्वतयारी ग्रीक धर्माने केली, ज्यूधर्माने नव्हे. हे सिद्ध करण्याच्या भरात ज्यू परंपरेला त्यांनी इतकं खाली ओढलं की त्याच काळात ज्यू अभ्यासकांनी आणि इतरांनीही त्यांना धारेवर धरलं. पोलंडमधलं १९२० च्या दशकातलं वातावरण लक्षात घेतलं तर हे निव्वळ पांडित्य नव्हतं. मी ते जर्मन टीकांमधून आणि उताऱ्यांमधून वाचलं आहे, आणि ते वाचताना सिसेरोची वाक्यं ऐकणारा हाच का तो माणूस, असं वाटत राहतं. इथे निकाल आधी ठरलाय आणि पुरावे मागाहून रांगेत उभे केलेत.

कौतुक र गणाचं आहे. या पुस्तकाचं नाही. दोन्ही एकाच माणसाचं आहे हे नातीला आणि तुम्हाला, दोघांनाही लक्षात ठेवावं लागेल.

प्रश्न : त्यांच्या मुलांपैकी कुणी हे काम पुढे चालवलं का?
(एक वाचक, नाशिक)

चालवलं, आणि त्याची गोष्ट वाईट आहे. आद्रियान पिओत्रोव्स्की हा त्यांचा विवाहबाह्य मुलगा, १८९८ चा. नात्यातल्या घरात वाढला, म्हणून आडनाव वेगळं. वडील वॉर्साला गेले, हा लेनिनग्राडमध्ये, म्हणजे पीटर्सबर्गमध्येच राहिला. त्याने अ‍ॅरिस्टोफेनिस रशियनमध्ये आणला, एस्किलस आणला, कातुलस आणला. शिवाय लेनफिल्म या चित्रपटसंस्थेचा तो कलाप्रमुख होता. प्रोकोफिएवच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' बॅलेच्या संहितेत त्याचा हात आहे, शोस्ताकोविचच्या एका बॅलेच्या संहितेतही. १९३७ मध्ये, स्तालिनच्या दमनसत्रात, त्याला अटक झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोळी घातली. वय एकोणचाळीस. त्याचे अनुवाद मात्र रशियात पुढेही छापले जात राहिले.

विद्यापीठातल्या शिष्यांत स्तेफान स्रेब्र्नी हे नाव घ्यायला हवं. तो पीटर्सबर्गला झेलिन्स्कींकडे शिकला, विल्नोला (आजचं व्हिल्नियस) प्राध्यापक झाला, युद्धानंतर तोरुनला. एस्किलस आणि अ‍ॅरिस्टोफेनिस पोलिश पद्यात आणले ते त्याने. प्राचीन इतिहासातला मोठा माणूस रोस्तोव्त्सेफ हाही झेलिन्स्कींचाच विद्यार्थी.

प्रश्न : माझे सासरे कॉलेजात शिकवत. पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतल्या वाड्यातली त्यांची सगळी टिपणं गेली. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली नाही. तुम्ही लिहिलंत की झेलिन्स्कींचंही सगळं जळालं, तरी ते लिहीत राहिले. कसं जमलं असेल?
(एक वाचक, सहकारनगर)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. १२ जुलै १९६१ ची सकाळ ज्यांनी पाहिली त्यांना नदीकाठच्या पेठांत काय काय वाहून गेलं ते सांगायला नको.

झेलिन्स्की वॉर्सा विद्यापीठाच्या आवारातच राहत. १४ सप्टेंबर १९३९ ला त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली, तेव्हा जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला होता. त्याच महिन्यात बाँबहल्ल्यांत त्यांचं घर जळालं. ग्रंथसंग्रह गेला, हस्तलिखितं गेली. वर्षअखेरीच्या सुमारास ते बव्हेरियात आमरझे तळ्याकाठी शोन्डोर्फला गेले. त्यांचा मुलगा फेलिक्स तिथे राहत होता. आपलं शहर ज्यांनी जाळलं त्यांच्याच देशात आसरा, हे त्यांच्या वाट्याला आलं. तिथे बसून त्यांनी मालिकेचे शेवटचे दोन भाग पुरे केले, रोमन साम्राज्यातल्या धर्मावरचा आणि प्राचीन ख्रिस्ती धर्मावरचा. ८ मे १९४४ ला तिथेच गेले. ती हस्तलिखितं पोलंडमध्ये छापली जायला पुढे कित्येक दशकं गेली.

कसं जमलं? थोडा हट्ट, थोडी स्मरणशक्ती. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. झेलिन्स्कींचं घर जळालं तेव्हा त्यांची पुस्तकं जर्मन, रशियन, पोलिश, इंग्रजीत छापून देशोदेशीच्या ग्रंथालयांत जाऊन बसली होती. त्यांना आपलंच लिहिलेलं दुसरीकडे मिळू शकत होतं. तुमच्या सासऱ्यांची टिपणं एका वाड्यातल्या एका कपाटात होती. तेव्हा ही तुलना करून त्यांच्यावर अन्याय करू नका. आणि घरात आज कुणाची वह्या-टिपणं असतील तर स्कॅन करून एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. हे मी पोटतिडकीने सांगते आहे.

प्रश्न : पोलंडचा आणि आपला काय संबंध? इतक्या लांबच्या माणसावर पानं खर्च करायची?
(एक त्रस्त वाचक, नारायण पेठ)

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. वॉर्साचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन औंध संस्थानच्या स्वराज्याच्या प्रयोगात होते आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत त्यांनीच नेली. संबंध हवाच असेल तर हा घ्या. झेलिन्स्कींना मात्र संबंधाची अट नाही. र गण पुरे.

प्रश्न : झेलिन्स्कींचं इंग्रजीत काही वाचायला मिळेल का? कुठून सुरुवात करू?
(अकरावीची विद्यार्थिनी, चिंचवड)

'प्राचीन जग आणि आपण' या त्यांच्या रशियन व्याख्यानांचा इंग्रजी अनुवाद 'अवर डेट टू अँटिक्विटी' या नावाने १९०९ मध्ये निघाला. जुना असल्यामुळे इंटरनेटवर फुकट वाचता येतो. तुला हे पुस्तक विशेष जवळचं वाटेल, कारण ही व्याख्यानं त्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांपुढे दिली होती. रशियात तेव्हा शाळेत लॅटिन-ग्रीकची सक्ती होती, मुलं वैतागलेली होती, आणि लोक विचारत होते की हे कशासाठी शिकायचं. झेलिन्स्की मुलांना कारणं देतात. सगळी पटतीलच असं नाही, काही ठिकाणी ते अंमळ फेकतात. तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढ. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, 'मार्क मिळतात म्हणून घेतलं' असं सांगणाऱ्या मुलामुलींना शिकवलं. त्यांना उत्तर देताना मला या पुस्तकातले मुद्दे कामी आले आहेत, कुठून घेतले ते न सांगता.

त्यानंतर 'द रिलिजन ऑफ एन्शंट ग्रीस', १९२६ चं ऑक्सफर्डचं. छोटं आहे, सुट्टीत होईल. सिसेरोवरचं मोठं काम जर्मनमध्येच आहे. बारावी झाली की मॅक्सम्युलर भवनात नाव घाल.